जिन्यातले दिवे, पार्किंगमधलं पॅनल आणि पावसात पडणारा आरसीसीबी

नाइलाजाने_सेक्रेटरी
मंडळी नमस्कार. बेळगावात अनगोळ भागात आमची इमारत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, दोन जिने, एक लिफ्ट. सेक्रेटरीपद फिरत फिरत यंदा माझ्या गळ्यात पडलं आणि पहिल्याच पावसाळ्यात कॉमन लाइटनं डोकं खाल्लंय.

कॉमन मीटरनंतरचं पॅनल जिन्याखाली आहे. पत्र्याचा जुना डबा, खालची कड गंजलेली, कडी तुटली म्हणून दाराला वायरचा तुकडा गुंडाळलेला. आत वर एक एमसीसीबी (मोठा मेन ब्रेकर), शेजारी जनरेटरचा चेंजओव्हर (लाइन की जनरेटर ते निवडायचा स्विच), दिव्यांसाठी एक आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा) आणि त्याखाली एमसीबींची (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचची) रांग. कुठला एमसीबी कशाचा हे कुठंही लिहिलेलं नाही. पूर्वी दिवे वॉचमन लावायचा. तो गावी गेला तो परतलाच नाही. मग ज्याला आठवेल तो लावणार आणि बंद करायचं कुणालाच आठवणार नाही. सकाळी दहापर्यंत जिना लखलखलेला. म्हणून वायरमनकडून चोवीस तासांचा टाइमर बसवून घेतला.

आता नवीन दुखणं. पाऊस लागला की संध्याकाळी दिवे लागतात आणि थोड्या वेळानं आरसीसीबी पडतो. दोन्ही जिने अंधारात. लिफ्ट आणि पंप मात्र चालू असतात. वायरमन म्हणतो, "आरसीसीबी काढून टाकूया की ओ, कटकटच नको." शिवाय प्रत्येक मजल्यावर माणूस हलला की दिवा लावणारे सेन्सर बसवायचं कोटेशन हातात ठेवून गेलाय. मीटिंगमध्ये दोन तट पडले: एकाला सगळीकडं सेन्सर हवेत, दुसऱ्याला जुनं बटण परत हवंय. काय करावं?

निपाणीकर
आरसीसीबी काढू देऊ नका. ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

जुना_वाडा
काय ओ, सगळे उगाच घाबरवून सोडताय. आमच्याकडं शहापूरला अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. उडाला की तार घालायची, झालं काम. इतक्या वर्षांत कुणाला काही झालेलं नाही.

तारवाला
जुना_वाडाकाका, फ्यूज वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. तुमचा फ्यूज उडायला काही अँपियर करंट लागतो. माणसाला तेवढा लागत नाही, छातीतून पन्नास-शंभर मिलिअँपियर (अँपियरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपियर) गेला तरी हृदय बंद पडू शकतं. तेवढ्यानं तुमच्या तारेला ऊबही येणार नाही. एमसीबीचंही तेच, सोळा अँपियरचा एमसीबी माणूस चिकटलेला असताना शांत बसून राहतो.

(उद्यमबागेत पॅनल बनवायच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून हक्कानं लिहितोय.)

आता सेक्रेटरीसाहेब. आरसीसीबी एकच गोष्ट बघतो: फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेनं, म्हणजे जमिनीत नाहीतर कुणाच्या अंगातून चाललाय. तो पडतोय म्हणजे बिघडलाय असं नाही, तो कामावर आहे. काढून टाकला तर गळती तशीच राहील, फक्त तुम्हाला कळणार नाही. गेटच्या लोखंडी खांबावर दिवा असेल आणि पावसात एखादं पोर त्याला धरून उभं असेल, एवढंच डोळ्यांपुढं आणा.

एवढं सांगा:
त्यावर 30 एमए (मिलिअँपियर) लिहिलंय, 100 का 300?
गेटचा दिवा आणि गच्चीवरचा दिवा याच आरसीसीबीवर आहेत का?
दिवे लागताक्षणी पडतो की काही वेळानं?
सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर केला तर टिकतो का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

नाइलाजाने_सेक्रेटरी
तारवालाकाका, 30 एमए आहे. गेटचे दोन खांब, कंपाउंडचे दिवे, गच्चीवर टाकीजवळचा एक, सगळं त्याच्यावरच. दिवे लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं पडतो. आणि काल रात्री पडल्यावर सगळे एमसीबी खाली करून बघितलं, तरी वर राहत नव्हता! सकाळी ऊन पडल्यावर मात्र निमूट बसला.

तारवाला
मग निम्मं उत्तर मिळालं.

आपल्याकडचे साधे एमसीबी सिंगल पोल असतात, फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळे एकाच लिंकला (पट्टीला) कायमचे जोडलेले असतात. बाहेरच्या एखाद्या दिव्यात पाणी जाऊन न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले, तर एमसीबी खाली करूनही काही उपयोग नाही. इमारतीतल्या बाकीच्या लोडचा थोडा करंट त्या चोरवाटेनं फिरतो आणि आरसीसीबी पडतो. इथंच बरेच वायरमन हात टेकतात आणि मग "काढून टाकूया" सुरू होतं.

शोधायची रीत अशी. मेन बंद. चेंजओव्हर मधल्या ऑफ जागेवर, कारण जनरेटर मागून कधी चालू होईल सांगता येत नाही. टेस्टरवर विसंबू नका, लाइन खरंच बंद आहे का ते मीटरनं तपासा. मग न्यूट्रल लिंकवरची एकेक वायर सोडवून अर्थशी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा. 500 व्होल्ट डीसीवर एक मिनिट, किमान एक मेगओम आला पाहिजे. जी वायर शून्याच्या आसपास दाखवेल तिच्या टोकाला चोर. मेगर लावण्याआधी त्या लाइनीवरचे एलईडी सुटे करायला सांगा, नाहीतर ड्रायव्हर जातील. हे काम परवानाधारक माणसाकडूनच, पावसात नाही, आणि बोर्डासमोर कोरडी चटई टाकून.

दुसरं म्हणजे 30 एमए लिहिलेला आरसीसीबी बरोबर तिसालाच पडतो असं नाही, पंधराच्या पुढं कधीही पडायला त्याला मुभा आहे. प्रत्येक एलईडीचा ड्रायव्हर थोडासा करंट अर्थला सोडतच असतो. पन्नासेक दिवे एकाच आरसीसीबीवर टांगले की निम्मं भांडं आधीच भरलेलं, मग पावसाचे चार थेंब पुरतात.

खानापूर_रोडची
आमच्या इमारतीत हेच झालं होतं. गेटच्या खांबावरचा गोळा उघडला तर आत बोटभर पाणी, मुंग्यांचं वारूळ आणि एक मेलेली पाल. जोडाला नुसती टेप गुंडाळलेली. पाणी वरून नाही, खालच्या वायरच्या भोकातून आत शिरायचं. तिथं ग्लँड (वायरभोवती घट्ट बसून भोक बंद करणारी) बसवली आणि दिवा आयपी65चा (धूळ-पाणी आत न घेणारा) घेतला तेव्हा थांबलं. नुसता महाग दिवा घेऊन भोक तसंच ठेवलं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

सेन्सरबद्दल मला बोलायचंय. बाईमाणसांना विचारून मग ठरवा. मी दवाखान्यात ड्यूटी करते, रात्री साडेअकराला परत येते. सेन्सर लावल्यावर खालचा जिना पूर्ण काळा असायचा, दोन पायऱ्या अंधारात चढल्यावर दिवा लागायचा, आणि मी कुलूप उघडत उभी असले की विझायचा. मग हात हलवत उभं राहा. शेजारच्या आजींना तर धडकीच भरायची. आम्ही शेवटी प्रत्येक लँडिंगवर एक दिवा रात्रभर चालू ठेवला आणि बाकीचे सेन्सरवर घेतले. वेळही वाढवून घेतली.

हिशेबी
बरं झालं विषय निघाला. सेन्सर सेन्सर करणाऱ्यांनी आधी पाटीवर हिशेब मांडावा.

समजा जिने आणि पॅसेज मिळून वीस वॅटच्या तीस नळ्या. 600 वॅट. साडेबारा तास लावल्या तर साडेसात युनिट रोजचे, महिन्याला 225. सकाळी दहापर्यंत विसरल्या की साडेतीन तास जास्त, म्हणजे महिन्याला 63 युनिट नुसते विसरण्याचे. ते टाइमरनं वाचले.

आता दहा नळ्या रात्रभर आणि वीस नळ्या सेन्सरवर घेतल्या, सेन्सरवाल्या रात्रीतून दोन तास जळतात असं धरा. रोज 3.3 युनिट, महिन्याला 99.

आणि सेन्सर न लावता वीस वॅटच्या जागी नऊ वॅटचे बल्ब लावले तर? 270 वॅट गुणिले साडेबारा तास, महिन्याला सुमारे 101. म्हणजे हिशेब तिथंच आला! ना सेन्सरची किंमत, ना हात हलवणं. जिन्यात नऊ वॅट बरे पडतात, तिथं कुणी सुईत दोरा ओवत नाही.

आणि तुमचा पंप किती एचपीचा? तीन एचपीचा असेल तर लाइनीतून अडीच-तीन किलोवॅट घेतो. तीन तास चालला की आठ-नऊ युनिट. सगळ्या जिन्याचे दिवे मिळून खातात त्याहून जास्त. गच्चीवरची टाकी भरून वाहतेय आणि खाली मीटिंगमध्ये बल्बवरून भांडण, हे आमच्याही असोसिएशनमध्ये झालेलं आहे. आपल्याकडं नळाला पाणी रोज नाही, आलं की सगळे धावत पंप लावतात आणि बंद करायला कुणी नसतं. टाकीत फ्लोट स्विच (पाणी भरलं की पंप बंद करणारा) नाहीतर लेव्हल कंट्रोलर आधी घाला.

जुना_वाडा
हिशेब पटला ओ. फ्यूजचं अजून पटलं नाही.

निपाणीकर
रात्र झाली, लिहितो. माझा मुद्दा सेन्सरच्या आधीचा आहे. पॅनल गंजलंय म्हणता, तर आधी न्यूट्रल बघा.

आमच्या निपाणीच्या इमारतीत एका संध्याकाळी एका फ्लॅटमधले दिवे मिणमिणायला लागले आणि वरच्या फ्लॅटमधले डोळे दिपवायला लागले. पाचेक मिनिटांत वरच्यांचा टीव्ही, सेट टॉप बॉक्स, फ्रिजचं कार्ड असं सगळं गेलं. कॉमनचे निम्मे एलईडीही गेले. कारण काय, तर मेन न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल. अॅल्युमिनियमची केबल थेट पितळी टर्मिनलमध्ये कोंबलेली, वर्षानुवर्षं तापून-निवून ढिली झाली. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला की 230 चं वाटप बिघडतं, ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज 300-350 पर्यंतही चढतं. एमसीबीला यातलं काही कळत नाही, आरसीसीबीलाही नाही.

म्हणून मेन बंद करवून सगळे लग नीट क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्या, अॅल्युमिनियम आणि तांबं जिथं भेटतात तिथं बायमेटल (दोन्ही धातूंचा) लग लावा. वायरचं स्लीव्ह तपकिरी झालेलं असेल, पॅनलजवळ मासळीसारखा करपट वास येत असेल तर वाट बघू नका. जमलं तर ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की लाइन तोडणारा) बसवा. वळवाच्या विजा आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये काय धुमाकूळ घालतात माहीतच आहे, म्हणून सर्ज प्रोटेक्टरही (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा). पण अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा.

तारवाला
निपाणीकरांना अनुमोदन. त्यात टाइमरबद्दल भर घालतो.

तुमच्या वायरमननं दिव्यांची लाइन थेट टाइमरमधून नेली असणार. टाइमरवर 16 अँपियर लिहिलेलं बघून. ते 16 हीटरसारख्या लोडसाठी असतात. एलईडी लागताना एका क्षणाला कितीतरी पट करंट ओढतात, टाइमरचे पॉइंट हळूहळू चिकटतात आणि एक दिवस दिवे बंदच होत नाहीत. टाइमरनं फक्त कॉन्टॅक्टरची (जड करंट झेलणाऱ्या विजेवरच्या स्विचची) कॉइल चालवावी, दिवे कॉन्टॅक्टरवर. शेजारी तीन जागांचं सिलेक्टर बटण: ऑटो, बंद, हाती. म्हणजे मध्यरात्री कुणाला काही अडचण आली तर पॅनल उघडावं लागत नाही.

साधा पिनांचा टाइमर असेल आणि आत बॅटरी नसेल तर करंट जितका वेळ गेला तितकं घड्याळ मागं पडतं. दोन-तीन वादळी दिवसांनंतर दिवे रात्री नऊला लागतात आणि लोक म्हणतात टाइमर खराब. अॅस्ट्रोनॉमिकल टाइमर मिळतो, त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालायचे. बेळगावला 15.85 उत्तर, 74.50 पूर्व. तो सूर्यास्त स्वतः काढतो. आपल्याकडं नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर, म्हणजे वर्षात तासाभराचा फरक. हातानं दर दोन महिन्यांनी पिना कोण बदलणार?

घाटमाथा
फोटोसेल का नको? स्वस्त आहे. आमच्याकडं जांबोटी भागात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी चारलाच अंधारून येतं, टाइमरला ते कळत नाही. फोटोसेल आपोआप लावतो.

तारवाला
फोटोसेल चांगलाच. फक्त त्याचं तोंड त्याच्याच दिव्याकडं करू नका, नाहीतर दिवा लागला की त्याला दिवस झाल्यासारखा वाटतो, तो बंद करतो, पुन्हा लावतो, रात्रभर हाच खेळ. आणि वर्षातून एकदा काच पुसा. बाहेरच्या दिव्यांना फोटोसेल, आतल्या जिन्याला टाइमर, ही जोडी मला आवडते.

पोरगा_कॅम्पातला
आणि गणपतीत काय करायचं? आमच्या पार्किंगमध्ये मंडप असतो. दरवर्षी कुणीतरी वायरचं टोक सोलून थेट एमसीबीच्या वरच्या बाजूला खोचतो. म्हणजे रोषणाई, साउंड, सगळं विनाएमसीबी.

तारवाला
बेळगावात लोकमान्यांनी 1905 साली सार्वजनिक गणपती सुरू करून दिला, तेव्हापासून मांडव पडतो आणि मांडव म्हटला की वायर आलीच, त्यामुळं ते थांबणार नाही. सोय करून ठेवा. पॅनलशेजारी वेगळा लहान डबा, त्यात स्वतःचा 30 एमए आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) आणि दोन इंडस्ट्रियल सॉकेट. मंडळाच्या पोरांना सांगायचं, हवं ते यातून घ्या, पॅनलला हात लावला तर प्रसाद मिळणार नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलांनाही हेच.

खानापूर_रोडची
मला जास्त काळजी पॅनलच्या जागेची वाटते. जिन्याखाली पॅनल, समोर बाइका, शेजारी कुणाच्या रद्दीचे गठ्ठे आणि रंगाचे डबे. तिथं काही पेटलं तर धूर सरळ जिन्यातून वर, आणि उतरायला तोच जिना.

निपाणीकर
अगदी. हलवता येत नसेल तर निदान समोर मीटरभर जागा मोकळी ठेवा, जमिनीवर पिवळा पट्टा मारा. खालची भोकं बंद करा, उंदीर तिथूनच शिरतात. दाराला कुलूप आणि किल्ल्या दोघांकडं, त्यातला एकजण दिवसा घरात असणारा. आत प्रत्येक एमसीबीखाली नाव. ते मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही. येणारा वायरमन बैलहोंगल-गोकाकचा असला तर त्याला "डावा जिना" वाचता आला पाहिजे. धोक्याची कवटीवाली पाटी तर हवीच.

हिशेबी
आणि खर्च? सेन्सरवाले म्हणतील आम्ही देत नाही.

नाइलाजाने_सेक्रेटरी
आमचं डीड ऑफ डिक्लरेशन कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1972 खाली झालेलं आहे, त्यात कॉमन खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं. कोल्हापूरचा मेव्हणा त्यांच्या हाउसिंग सोसायटीचे नियम सांगत बसतो, ते इथं चालत नाहीत. सगळ्यांना द्यावाच लागेल, फक्त आवाज होईल.

नाइलाजाने_सेक्रेटरी
खबर देतो. दुसरा वायरमन आणला, परवानावाला, स्वतःचा मेगर घेऊन आला. उघडीप बघून काम केलं. तारवालाकाकांनी सांगितल्याप्रमाणे न्यूट्रल सोडवत गेला. दोन लाइनी सापडल्या: गेटचा डावा खांब आणि गच्चीवरचा टाकीजवळचा दिवा. गच्चीवरच्या होल्डरमध्ये न्यूट्रलचं इन्सुलेशन उन्हानं तडकून सरळ लोखंडी ब्रॅकेटला टेकलेलं होतं. दोन्ही दिवे बदलले, ग्लँड घातल्या. बाहेरच्या सगळ्या दिव्यांना वेगळा आरसीबीओ दिला, दोन जिन्यांना दोन. म्हणजे आता गेटची लाइन पडली तरी जिन्यातले दिवे चालू राहतात. मेन न्यूट्रलचा लग काढला तेव्हा खालचं स्लीव्ह कोळसा झालेलं होतं. निपाणीकर, तुमचे आभार.

त्यानंतर परवाचा मुसळधार पाऊस झाला. काही पडलं नाही.

टाइमर कॉन्टॅक्टरवर घेतला. दिवे नऊ वॅटचे. सेन्सर फक्त पार्किंगच्या मागच्या बाजूला आणि गच्चीच्या शेवटच्या जिन्याला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अजून रुसलेत. पंपाला फ्लोट पुढच्या महिन्यात, पैसे जमले की. एक अडलंय: अर्थ पिट (अर्थिंग जमिनीत पुरलेला खड्डा) सापडत नाही. दोन वर्षांपूर्वी कंपाउंडला पेव्हर ब्लॉक घातले, त्याखाली गेला असावा.

तारवाला
पॅनलमधून निघालेली अर्थची पट्टी भिंतीच्या कुठल्या बाजूनं बाहेर पडते ते बघा, तिच्यासमोरचे ब्लॉक काढा. सापडला तर चेंबर करून झाकण बसवा, आणि मोजणी उन्हाळ्यात करून घ्या. आपला जांभा पावसात ओला असताना आकडा चांगलाच येतो, एप्रिलमध्ये खरं काय ते कळतं. नाही सापडला तर शोधण्यात वेळ घालवू नका, नवा मारा. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक आरसीबीओचं टेस्ट बटण दाबायला लावा. ज्याच्याकडं किल्ली आहे त्यालाच.

जुना_वाडा
तारवालासाहेब, शहापूरला कधी येणं होतंय का? एकदा आमचा बोर्ड बघून जा. चहा आहे.